टपावरचं होडकं

"बाबा, पण तुमच्या डिकीत गॅसची टाकी आहे. श्रियाचं सामान ठेवणार कुठे?"

हे वाक्य माझी मुलगी चारुता एप्रिलच्या सुरुवातीला पुण्याहून फोनवर बोलली. ते आपण अगदी सहज बोललो होतो, असं ती आता सांगते. असेलही. पण मी एकतीस वर्षं मालवणातल्या एका हायस्कुलाच्या कचेरीत काढलेला माणूस. समोरच्याने अडचण सांगितली की ती नोंदवायची, दूर करायची आणि प्रकरण निकालात काढायचं, हा माझा शिरस्ता. अडचण सहज सांगितली की मनापासून, हे विचारायचा रकाना आमच्या कुठल्याच नमुन्यात नव्हता.

झालं होतं असं. माझी बायको सुगंधा गेल्या वर्षी फेब्रुवारीत चारुताच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली. तीन महिन्यांसाठी. मार्चमध्ये श्रिया झाली. मग चारुताची रजा संपली, जावई सर्वेश सकाळी आठला कंपनीच्या गाडीने जातो तो संध्याकाळी आठला उगवतो, आणि पाळणाघरवाल्या बाईंनी पुढच्या वर्षी बघू म्हटलं. सुगंधाची तात्पुरती नेमणूक अशी कायम झाली. मीही जाऊन राहिलो होतो आठ दिवस. दोन खोल्यांच्या त्या फ्लॅटमध्ये मी जिथे उभा राही तिथे कुठलं तरी दार उघडायचं असे. नवव्या दिवशी, माडांना पाणी घालायचंय, असं सांगून परत आलो.

तेव्हापासून घरात मी एकटा. तक्रार म्हणून सांगत नाही, परिस्थिती नीट कळावी म्हणून सांगतो. स्वयंपाक येतो. फक्त अर्धी वाटी तांदूळ लावला की कुकरसुद्धा मनापासून शिट्टी देत नाही, नाराजीने फुसफुसतो. संध्याकाळी सातला सुगंधाचा फोन येतो. ती विचारते, "जेवूक काय केलात?" मी सांगतो. मग मी पंपाची, पाण्याच्या टाकीची आणि मांजरीची हकिकत सांगतो. चार मिनिटांत फोन आटोपतो, कारण पलीकडे श्रिया रडायला लागते.

तेव्हा मी ठरवलं की मे महिन्यात गाडी घेऊन पुण्याला जायचं आणि सुगंधा, चारुता, श्रिया या तिघींना पंधरा दिवसांसाठी घरी आणायचं. त्यावर वरचं वाक्य आलं. श्रियाचा पाळणा, तिची बाबागाडी, तिचा टब, तिची बाटल्या उकळायची मशीन. डिकीत खरोखरच टाकी आहे. टाकीशेजारी उरलेल्या जागेत एक छत्री मावते, तीही मिटलेली.

म्हणजे उरला टप. टपावर बसवायची एक बंद पेटी मिळते, असं मी मोबाइलवर वाचलं आणि त्या क्षणापासून माझ्या आयुष्याला वळण लागलं.

या पेट्यांचं एक वेगळंच जग आहे. त्यातल्या चांगल्या पेट्या परदेशी, काळ्या, चकचकीत, देवमाशाच्या पिल्लासारख्या दिसतात आणि त्यांच्या किमतीत माझी अर्धी गाडी येते. मी त्यांची चित्रफीत तीनदा पाहिली. एक गोरा गृहस्थ हसत हसत पेटी उघडतो, तीत बर्फावरून घसरायच्या पट्ट्या ठेवतो आणि बायकोपोरांना घेऊन डोंगरात निघून जातो. त्याला कुणी सल्ला देत नाही. त्याला शेजार नसावा.

मला आहे. उजवीकडे भाई. हे मुंबईत एका गोदीत नोकरीला होते. जगात सामान म्हणून जे जे हलतं त्यातलं आपल्याला कळतं, अशी त्यांची श्रद्धा. डावीकडे आनंदीबाई. मुलगे मस्कतला, आणि घरात त्या नि दूरदर्शन. मी गाडीच्या टपावर टेप धरलेला पाहून दोघंही पहिल्याच संध्याकाळी माझ्या ओट्यावर दाखल झाले.

"पेटी कित्याक व्हयी?" भाई म्हणाले. "लोखंडी कॅरिअर घाल, वर ताडपत्री, नि काथ्यान आवळ. आमी गोदीत हत्ती बांधलेलो."

"हत्ती?"

"पेटयेतलो. सर्कशीचो."

आनंदीबाईंचं मत वेगळं. "विश्रामा, टपार लांबडी पेटी घेवन माणूस खंय जाता ता तुका ठावक नाय? लोक रस्त्यार हात जोडतले."

त्या दिवशी निकाल लागला नाही. दुसऱ्या दिवशी भाई कागदावर आकृती काढून आले. तिसऱ्या दिवशी आनंदीबाईंनी सोबत घावणे आणले. चौथ्या दिवशी देवळाच्या वाटेवरचे दोघं ओळख नसताना आत शिरले आणि वाऱ्याच्या दाबावर बोलले. मी सगळ्यांना चहा दिला. आता एक कबुली देऊन टाकतो. लोखंडी कॅरिअरचा निर्णय मी दुसऱ्याच दिवशी घेऊ शकलो असतो. पण ओट्यावर इतकी माणसं गेल्या चौदा महिन्यांत बसली नव्हती, कपबश्या कपाटातून निघाल्या नव्हत्या. मी मुद्दाम शंका काढत राहिलो. "पण गंजलं तर?" म्हटलं की आणखी एक संध्याकाळ निघत असे.

शेवटी भाईच कंटाळले. "तू घे काय व्हया ता," असं म्हणून त्यांनी यायचं बंद केलं, तेव्हा मला घाईने काहीतरी मागवावं लागलं.

मी स्वस्तातली कापडी पेटी मागवली. पेटी कसली, मोठी पिशवीच ती, चार पट्ट्यांनी टपाला बांधायची. 'पाणी आत जात नाही' असं तिच्यावर छापलं होतं. मी तीत घरातल्या सगळ्या उशा भरल्या, नळी लावून पाणी मारलं आणि उघडून पाहिलं. पाणी आत गेलं होतं. इतकंच नव्हे, ते बाहेर यायला तयार नव्हतं. तरी वाऱ्यात कशी टिकते हे बघायला तिला रिकामी बांधून तारकर्लीच्या रस्त्याने निघालो. अर्ध्या वाटेवर तिच्यात वारा शिरला आणि ती पुरीसारखी फुगली. मग टपावर धाड धाड असे आवाज येऊ लागले, जणू वर कुणी माणूस बसला आहे आणि त्याला उतरायचं आहे. तारकर्लीला सहलीला आलेल्या बायका थांबून फोटो काढत होत्या. एकीने मला विचारलं, "काका, पॅराशूट कितीला?"

तिथून परतताना मी गप्पच होतो. तसा मी गाडीत एरवीही गप्पच असतो, पण हे गप्प राहणं वेगळं होतं.

यानंतर शंकर प्रवेश करतो. शंकर देवगडला फायबरच्या होड्या बनवतो. माझ्या नोकरीच्या काळात त्याच्या मुलाचा दाखला मी एका दिवसात दिला होता, ते त्याने लक्षात ठेवलं होतं. त्याच्याकडे गेलो तेव्हा तो एका उलट्या होडीच्या पोटावर ब्रश मारत होता. मी पेटीचं चित्र दाखवलं. तो ते बराच वेळ बघत राहिला.

"ही होडीच मां," तो म्हणाला. "वर झाकण घातलेली."

"तसंच काहीसं."

"मगे ह्येका इतके पैशे कित्याक? होडयेतला उरलेला फायबर आसा. चार दिसात देतंय. तुमी फकस्त माप सांगा."

माप म्हणजे पाळण्याचं माप. तो मिटून आडवा मावला की बाकीचं आपोआप मावणार होतं. मी तिथूनच सुगंधाला फोन लावला. टेप सापडेना म्हणून तिने वितीने मोजलं. "लांब सात वीत आणि वर दोन बोटां," ती म्हणाली. "आणि उंची? थांबा, बघतंय." मी थांबलो. फोनवर तिचं वाकणं, उठणं, पुटपुटत मोजणं ऐकू येत होतं. मग श्रियाच्या नावाने हाक, मग पुन्हा मोजणं. अकरा मिनिटं झाली. चौदा महिन्यांत आम्ही इतका वेळ फोनवर राहिलो नव्हतो. मी रुंदी पुन्हा एकदा मोजून घ्यायला सांगितली.

शंकरला आकडे सांगितले तर तो डोकं खाजवत म्हणाला, "वीत कोणाची? माझी काय वयनींची?"

"तिची."

"मगे वयनींका घेवन येवा. तेंचो हात बघल्याशिवाय माका कसा कळतला?"

तेवढं जमलं असतं तर पेटी कशाला लागली असती, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. मी म्हणालो, "अंदाजाने कर."

त्याने अंदाजाने केली, आणि कोकणी माणूस अंदाज करतो तेव्हा मोठाच करतो. पाचव्या दिवशी माझ्या गाडीच्या टपावर जे चढलं ते पाहून मी दोन पावलं मागे सरकलो. वारा कापायला म्हणून पुढून टोकदार, मागून चपटं, गर्द निळं, वर नारिंगी पट्टा. खरोखरीची होडी, फक्त तिला बिजागऱ्यांचं झाकण आणि कुलूप. पुढच्या टोकाला दोर ओवायला कडीसुद्धा होती.

"ही कडी कशाला?"

"सवय," शंकर म्हणाला. मग रंगाचा डबा घेऊन आला. "नाव काय घालूचा?"

"नाव नको. ही रस्त्यावर चालणार आहे."

"बिननावाची होडी मी कारखान्यातसून भायर सोडणय नाय. आजवर सोडलंय नाय."

वाद घालून उपयोग नव्हता. मी नातीचं नाव सांगितलं. त्याने सुबक अक्षरात दोन्ही बाजूंना 'श्रिया' लिहिलं आणि मी वाहतुकीला अडथळा करत मालवणला परतलो. भाईंनी होडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून बूड बघितलं आणि एवढंच म्हणाले, "बुडूची नाय."

आता प्रश्न परवानगीचा. कुणी मागितली नव्हती. पण ज्याने जन्मभर इतरांकडे दाखले मागितले त्याला विनापरवाना झोप लागत नाही. मी एक रीतसर अर्ज लिहिला. विषय: खाजगी वाहनाच्या टपावर होडीसदृश पेटी बसविणेबाबत. तो घेऊन एका सरकारी कचेरीत गेलो. कचेरीचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसांनी माझं काही वाईट केलं नाही.

टेबलावरच्या तरुण गृहस्थांनी अर्ज दोनदा वाचला. "आपल्याला कुणी अडवलं का?"

"नाही."

"दंड झाला?"

"नाही."

"मग अर्ज कशाबद्दल?"

"अडवू नये याबद्दल."

ते विचारात पडले. "होडी म्हटलंत, म्हणजे हे बंदराकडे जायला हवं."

"पण ती पाण्यात जाणार नाही."

"मग होडी का म्हणता?"

"होडी नाही, होडीसदृश."

अर्ज तीन टेबलं फिरला. प्रत्येक टेबलावर माणसं उठून खिडकीतून खाली उभी असलेली गाडी पाहून आली. शेवटी पहिल्या गृहस्थांनी माझ्या प्रतीवर आवकेचा शिक्का मारला. "ठेवा जवळ. परवानगी नाही ही. पण शिक्का आहे." मला गहिवरून आलं. असे शिक्के मी स्वतः पुष्कळ मारलेले आहेत, आणि लोक ते किती जपून घडी घालून नेत असत ते त्या दिवशी मला प्रथम कळलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी मी निघालो. जाताना होडी रिकामी कशी न्यायची? देवगडचे पिकत आलेले सहा डझन हापूस, कोकमं, कुळथाचं पीठ आणि सर्वांत वर आनंदीबाईंनी आग्रहाने दिलेला रसाळ फणस, म्हणजे देशावर ज्याला बरका म्हणतात तो. "वाटेत वायच वास येतलो," त्या म्हणाल्या, "पण सोबत जातली."

कसालला महामार्गावर पहिल्याच पोलिसाने हात केला. मी शिक्का दाखवला. त्याला शिक्क्यात रस नव्हता.

"होडी खंय चल्ली?"

"पुण्याक."

"पुण्याक दर्या खंय आसा?"

"नाय. नात आसा."

तो होडीवरचं नाव वाचून बाजूला झाला आणि त्याने मला सलाम केला. कशाबद्दल, ते त्यालाच ठाऊक.

घाट चढून वर गेल्यावर मात्र माझी प्रतिष्ठा टिकली नाही. कोल्हापूरच्या अलीकडे चहाला थांबलो तर फेटेवाले एक गृहस्थ जवळ येऊन होडीवर टिचकी मारून म्हणाले, "पावणं, सुरमई काय भाव?"

"मासे नाहीत हो यात."

"मग बांगडा?"

मी एक आंबा काढून दाखवावा म्हणून झाकण उघडलं आणि आतून जी वाफ आली तिने आम्ही दोघंही मागे झालो. गर्द निळा रंग, मे महिना आणि बंद फायबर या तिन्ही गोष्टींचा एकत्र विचार शंकरने केला नव्हता. मीही नव्हता. आंबे सकाळी पिकायला आले होते, ते दुपारी दोनला आमरसाच्या वाटेला लागले होते. मी हळूच झाकण लावलं. साताऱ्याजवळ एक कुत्रं आडवं आलं आणि मी करकचून ब्रेक दाबला. वर काहीतरी जड पुढे घसरलं आणि फुटलं. तो आनंदीबाईंचा फणस होता. होडीच्या टोकाकडून एक पिवळी धार काचेवर संथपणे उतरली. मी वायपर फिरवला आणि समोरचा सगळा सातारा जिल्हा पिवळा झाला.

अशा वेळी शेजारच्या सीटवर कुणीतरी असायला हवं असतं, असं मला फार वाटलं. पुसायला नव्हे. 'तरी मी सांगत होते' असं म्हणायला.

पुण्यात वारज्याला मी संध्याकाळी सातला पोचलो. माशा माझ्याआधी पोचल्या होत्या. चारुताच्या इमारतीत गाड्या तळघरात लावतात. उतरणीच्या तोंडाशी एक आडवी लोखंडी दांडी टांगलेली आहे, तिच्यावर उंची लिहिली आहे. ती मी वाचली. गाडीची उंची मला पाठ होती. होडीची मिळवायची राहून गेली. खण्ण असा आवाज झाला, दांडी होडीच्या टोकावर चढली, एका बाजूची साखळी तुटली आणि मी अर्धा आत, अर्धा बाहेर असा त्या उतरणीवर अडकलो. मागे तीन गाड्या. पुढे रखवालदार. वर सहा मजल्यांच्या सगळ्या गॅलऱ्यांत माणसं. रखवालदाराने इंटरकॉमवर दिलेली वर्दी मी माझ्या कानांनी ऐकली: "मॅडम, तुमच्याकडे एक होडी आली आहे."

सोसायटीचे सचिव सभ्य होते. त्यांनी आवाज न चढवता माझं नाव, गाव आणि होडीचा उद्देश एका वहीत लिहून घेतला आणि गाडी बाहेर रस्त्यावर लावायला सांगितली. सुगंधा श्रियाला कडेवर घेऊन खाली आली. मी पंधरा महिन्यांत तिला दोनदाच भेटलो होतो. ती बारीक झाली होती. तिने होडीकडे बघितलं, काचेवरच्या फणसाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, ते कळलं नाही. श्रियाने मला पाहून भोकाड पसरलं.

आंब्यांपैकी अकरा वाचले. ते खाताना मी विषय काढला: आता सामानाची अडचण राहिलेली नाही, परवा सकाळी निघायला हरकत नाही.

चारुता चमचा खाली ठेवून सर्वेशकडे बघायला लागली. सर्वेश आंब्याकडे बघायला लागला.

"बाबा," ती म्हणाली, "मला रजाच नाही हो. श्रियाचे डोस आहेत. आणि एवढ्या उन्हात नऊ-दहा तास तिला... मी तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून सामानाचं बोलले. तुम्ही गप्प झालात, मला वाटलं तुम्हाला पटलं. मला काय माहीत तुम्ही होडी बांधाल?"

मी हसलो. खरंच हसलो. गंमत सांगण्यासारखीच होती. तिचे डोळे भरून आल्यावर तर मला जास्तच हसावं लागलं.

दोन दिवस हॉलमधल्या सोफ्यावर काढले. दुसऱ्या दिवशी श्रिया माझा चष्मा ओढण्याइतकी ओळखू लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी निघायची तयारी करत होतो, तेव्हा चारुता संकोचून म्हणाली, "बाबा, पेटी आहेच तर एक कराल? पाळण्यात आता ती झोपत नाही. टब, बाबागाडी, लहान झालेले कपडे, सगळं घेऊन जाल? इथे पाय ठेवायला जागा नाही. तुमच्याकडे काय, सगळं घर रिकामंच आहे."

"रिकामंच आहे," मी म्हटलं.

होडी मी आदल्या दिवशीच आतून धुऊन ठेवली होती; रखवालदाराने आणि सर्वेशने मिळून सामान चढवलं. पाळणा लांबीत अगदी बेतात बसला, दोन बोटंही इकडे तिकडे नाही. शंकरचा अंदाज सुगंधाच्या वितीशी तंतोतंत जुळला होता. जे सामान मावत नाही म्हणून माणसं येत नव्हती, ते सगळं सामान टपावर बसलं होतं आणि खाली चार सीटा मोकळ्या होत्या.

मी किल्ली फिरवणार, एवढ्यात पलीकडचं दार उघडून सुगंधा आत बसली. पायात घरातल्या चपला, हातात छोटी पर्स. "नवले पुलापर्यंत येतंय," ती म्हणाली. "थयसून रिक्षा मेळता. सर्वेश आज उशिरान जातलो, श्रियेक तो बघतलो अकरापर्यंत."

आम्ही निघालो. हायवे लागला. मग ती समोर बघतच म्हणाली, "इतका सगळा कित्याक केलात?"

"सामान मावत नाय म्हणान चारुता म्हणाली."

"चारुता म्हणाली. माका इचारलात?"

मी गिअर बदलला. खरं म्हणजे गरज नव्हती.

"रोज फोन करूक बसतंय मी," ती म्हणाली. "तुमी पंपाचा सांगतास, टाकयेचा सांगतास, मांजर व्याली ता सांगतास. एक दिवस तरी 'गो, तू ये' म्हणून सांगलात?"

"थय तुझी गरज आसा."

"आसाच. मी काय तिका टाकून येवची नाय. पण तुमका म्हणूक काय जाता? माका वाटला, तुमका एकट्याक बरा वाटता."

नवले पूल आला. मी गाडी कडेला घेतली. इतकी वाहनं, इतका गोंगाट, आणि मला एक शब्द बोलायचा होता. एकतीस वर्षं मी 'सविनय सादर' लिहिलं, 'योग्य ती कार्यवाही व्हावी' लिहिलं. मला वाटतं, विनंतीचं एवढं छोटं वाक्य मी कधी बनवलंच नव्हतं.

"ये," मी म्हटलं.

"आता नाय जमाचा."

"ठावक आसा."

"पाळणाघर जूनच्या पुढे मेळतला. मगे बघूया." दाराच्या कडीला लावलेला हात तिने काढून घेतला. "परत म्हणा."

मी परत म्हटलं. मागे एका टँकरने असा हॉर्न दिला की आम्ही दोघंही दचकलो. "पुढे घेवा," ती म्हणाली. "बोगद्याच्या अलीकडे उतरतंय."

बोगद्याच्या अलीकडे थांबायला जागा नव्हती. बोगद्यात तर नसतेच. अंधारात ती सांगू लागली की त्या इमारतीत तिच्याशी मालवणीत बोलणारं कुणी नाही, म्हणून ती श्रियाशीच बोलते. 'आजो खंय?' विचारलं की श्रिया मोबाइलकडे बोट दाखवते. बोगद्याच्या पलीकडेही ती उतरली नाही. तिथे सावली नव्हती. असंच करत करत आपण घरी पोचू, अशी वेडी आशा मला वाटू लागली होती. मी तिसऱ्या गिअरवर, सगळ्यांच्या शिव्या खात, जमेल तितका हळू चालत होतो.

खेड शिवापूरला तिने घड्याळ बघितलं. "आता बस. अकरा वाजतले."

ती उतरली, रस्ता ओलांडून पलीकडच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. मधे सहा पदरी वाहतूक. ती हाताने मला 'जा, जा' असं खुणावत होती. मी मान हलवत होतो आणि जात नव्हतो. मग एसटी आली आणि ती दिसेनाशी झाली. बस गेल्यावर थांब्यावर काकड्या विकणारी एक बाई तेवढी उरली.

फोन वाजला.

"निघालात?"

"निघालंय," मी म्हणालो.

"खोटा. तुमची होडी माका हयसून दिसता."

बसचा आवाज आणि कंडक्टरची घंटी ऐकू येत होती.

"दिसता तोपर्यंत थांबतंय," मी म्हणालो.

"बरा," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "अजून दिसता." मग, "आता ट्रक आडो इलो... गेलो. दिसता. निळी निळी दिसता." मी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून होतो. डोक्यावर पाळणा, टब आणि लहान झालेली झबली होती.

"आता नाय दिसत," ती म्हणाली.

मी गाडी सुरू केली.